हजार मीटरच्या आत

"मुलंबाळं किती?" घरमालकाने विचारलं आणि मी पटकन म्हणाले, "नाहीत आम्हाला."

एवढंसं वाक्य. त्याच वेळी आमची चिंगी, वय वर्षं सहा, समोरचा एक दात पडलेली, माझ्या भावाच्या दुकानात विकायला ठेवलेल्या पलंगावर उड्या मारत असणार. आणि इथे तिची सख्खी आई तिला पुसून मोकळी झाली होती. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो भिंतीवरची ओल निरखत राहिला.

ही सगळी अक्कल माझ्या भावाची. तो फर्निचर विकतो आणि घरांबद्दलचे सल्ले वर फुकट देतो. उंटावरचा शहाणा, दुसरं काय. "ताई, त्या भागात घर बघायला जाताना पोरीला नेऊ नकोस," तो म्हणाला होता. "शाळेत घालायचं पोर दिसलं की मालक भाव चढवतो. शाळेचा विषयच काढायचा नाही. आम्ही दोघंच आहोत, शांत जागा हवी, बास."

"खोटं बोलायचं म्हणजे," माझा नवरा म्हणाला.

"दाजी, खोटं कुठे बोलायचंय? गप्प बसायचंय फक्त."

गप्प बसायला मला कधी जमलंय? म्हाताऱ्याने विचारलं आणि मी सरळ खोटं बोलून बसले.

शाळेचं सांगते, म्हणजे आमचा जीव कशात अडकला होता ते कळेल. बागेला लागून असलेली ती सरकारी शाळा. फी नाही. वर्गात तीसच मुलं. पुस्तकांची वेगळी खोली आहे, आणि मुलं तिथे खरंच वाचत बसलेली दिसतात, मी कुंपणातून स्वतः पाहिलंय. आमच्या भाड्याच्या खोलीजवळच्या शाळेत एकेका वर्गात सत्तर मुलं. चिंगी तिथे वर्षभर बालवर्गात जाऊन आली, पण ती आणि तिच्याशेजारी बसणारी मुलगी यांतला फरक बाईंना शेवटपर्यंत कळला नाही. प्रगतिपुस्तक आलं ते त्या दुसरीचं. शेरे चांगले होते म्हणून आम्हीही गप्प बसलो. पण सहा वर्षांची पोर घरी येऊन "बाईंना माझं नाव माहीत नाही" असं सांगते, आणि तेही रडत नाही, सहज सांगते, तेव्हा आईला काय होतं ते मी इथे लिहीत बसत नाही.

बागेजवळच्या शाळेचा नियम असा, की हजार मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांना प्रवेश आधी. शाळेच्या फाटकापासून घराच्या दारापर्यंत, पायी चालायच्या रस्त्याने हजार मीटर. त्या मुलांनीच सगळ्या जागा भरतात. त्याच्यापुढे एक मीटर जरी घर असलं तरी नाव खालच्या यादीत, आणि खालच्या यादीतून गेल्या चार वर्षांत एकही मूल वर सरकलेलं नाही. नवीन मुलं घेतात ती फक्त पहिलीत. म्हणजे आम्हाला हे एकच वर्ष होतं.

दोन वर्षं आम्ही त्या हजार मीटरच्या आत घर शोधत होतो. नवी घरं सोडाच, त्यांच्या जिन्यात उभं राहायचीही आमची ऐपत नव्हती. म्हणून जुनी बघायचो. एका घरात अंघोळीची जागा स्वयंपाकघरातच होती, मध्ये फक्त पडदा. एका घराच्या छताला टेकू लावलेला होता आणि मालकीणबाई त्या टेकूला "खांब" म्हणत होत्या. तरी भाव ऐकून आम्हाला घाम फुटायचा. दर रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं चपला झिजवून परत यायचो आणि चिंगी विचारायची, "मिळालं?"

आणि मग हे मिळालं. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, वर गच्ची. मालक एकटा, बस चालवून निवृत्त झालेला. गल्लीत सगळे त्याला ड्रायव्हरकाका म्हणायचे. घर जुनं ते जुनंच. नळ सोडला की आधी खोकायचा, मग पाणी. खिडक्या फुगलेल्या, बंद केल्या की उघडेनात. पण भिंती जाड होत्या, उजेड भरपूर होता, आणि किंमत ऐकून नवऱ्याने मला हळूच कोपर मारलं. आजूबाजूच्या घरांपेक्षा इतकी कमी, की आम्हाला वाटलं म्हातारा चुकून बोलला. "एवढं स्वस्त का?" हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाने विचारला असता. आम्ही विचारला नाही, कारण विचारलं आणि त्याने भाव सुधारून सांगितला तर?

आमच्या पुढच्या दोन भेटींत काकांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. "खरंच मुलं नाहीत ना?" मी दोन्ही वेळा मान हलवली. ते म्हणाले, "बरं झालं. शाळेसाठी येणाऱ्यांना मी घर दाखवतच नाही." मला वाटलं, तिरसट आहे, पोरांचा गोंगाट सहन होत नसेल. मागच्या खोलीत भिंतीला टेकून एक अवाढव्य लाकडी कपाट होतं. त्याच्यामागे ओल आहे का ते नवऱ्याला बघायचं होतं. काका एकदम तुटकपणे म्हणाले, "ते हलत नाही. ते घराबरोबरच घ्या." आम्ही ते कपाटही गोड मानून घेतलं.

अंतर मात्र आम्ही डोळ्यांत तेल घालून मोजलं, असं आम्हाला वाटत होतं. फोनमधला नकाशा एकदा नऊशे सत्तर सांगायचा, दुसऱ्यांदा एक हजार तीस. शाळा ते धरतच नाही. त्यांचा माणूस अंतर मोजायचं चाक घेऊन येतो आणि चालत मोजतो, तेच खरं. चाक आम्ही कुठून आणणार? म्हणून नवऱ्याने दोरी आणली. माझ्या शिलाई मशीनच्या खणातून टेप काढली, मी दोरीचं एक टोक धरलं, त्याने बरोबर दहा मीटर मोजून गाठ मारली. रविवारी सकाळी सहा वाजता, रस्त्यावर कुणी नसताना, शाळेच्या फाटकापासून आम्ही सुरुवात केली. तो पुढे, मी मागे, दर दहा मीटरला खडूची खूण. पेपर टाकणाऱ्याने विचारलं, "काय चाललंय?" नवरा म्हणाला, "पाइपलाइन." काकांच्या दारापर्यंत साडेनव्व्याण्णव दोऱ्या झाल्या. नऊशे पंच्याण्णव मीटर. कोपऱ्यावर आडोशाला उभं राहून मी नवऱ्याचा दंड इतका जोरात दाबला की वळ उठला. लग्नाच्या दिवशीसुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता, आणि हे मी त्याला सांगितलंही.

पुढचं भराभर झालं. खरेदीचे कागद नोंदले, त्यांची प्रत लावून शाळेत अर्ज दिला, भाड्याची खोली सोडत असल्याचं कळवलं. तिथे दुसरं कुटुंब यायचं ठरूनही गेलं. काका शनिवारी घर रिकामं करणार होते. ते त्यांच्या मुलीकडे राहायला जाणार होते, दुसऱ्या गावी. शाळेची मोजणी त्यानंतरच होईल असा आमचा हिशेब होता. पण पत्र आलं: मोजणी गुरुवारी सकाळी अकराला, यादी सोमवारी. गुरुवारी तर काका घरातच असणार. मोजणीवाला दारात उभा राहून "मूल कुठंय?" असं विचारणार, आणि काकांना कळणार की आम्ही तीनदा तोंडावर खोटं बोललो. मी दोन दिवस याच काळजीत होते. मोठी काळजी पुढेच उभी होती, याची मला कल्पनाही नव्हती.

मी एका धुलाई दुकानात कपडे अल्टर करते. पँट आखूड करणं, कोट सैल करणं, चेन बदलणं. बुधवारी दुपारी एक जाडगेला गिऱ्हाईक पँट सैल करायला आला. दुकानातली टेप कुठे सापडेना, म्हणून मी पिशवीतली माझी जुनी पिवळी टेप काढली. ज्या मास्तरांकडे मी काम शिकले त्यांनी दिलेली. त्याची कंबर मोजली आणि वहीत एकशे दोन लिहिलं.

गिऱ्हाईक खाली वाकून म्हणाला, "बाई, टेप तर एकशे एक दाखवतेय. तुम्ही एकशे दोन लिहिलंत. मी एवढाही जाड नाही."

मी हसले. "अहो, ही टेप वापरून वापरून ताणली गेलीय. शंभराला एक कमी दाखवते. मला सवय आहे, माझा हात आपोआप वाढवून लिहितो. पंधरा वर्षं झाली, कुणाचा कपडा बिघडला नाही. मास्तरांची आठवण म्हणून टाकवत नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी हातही ला—"

लावू देत नाही, असं म्हणणार होते. पण तोंड उघडंच राहिलं. दोरी. नवऱ्याने दोरी याच टेपने मोजली होती. मी समोर उभी होते, दुसरं टोक माझ्याच हातात होतं! कापड असतं तर माझ्या हाताने फरक धरला असता. पण तो रस्ता होता, आणि रस्त्याला टेप ताणलेली आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"काय झालं?" गिऱ्हाईक म्हणाला. "फारच जाड आहे का?"

मी त्याला पँट उद्या न्या म्हणाले आणि दुकान मदतीला असलेल्या पोरीवर सोपवून निघाले.

नवरा एका छापखान्यात पुस्तकं बांधतो. तिथे लांबलचक लोखंडी पट्टी आहे, ती ताणली जात नाही. मी वाटेत घरून दोरी घेऊनच गेले होते. आम्ही ती कापायच्या टेबलावर अंथरून मोजली. दहा मीटर दहा सेंटिमीटर. नवऱ्याने पेन्सिलने कागदाच्या कडेला गुणाकार केला, मग पुन्हा केला. एक हजार पाच. तो कागदांच्या गठ्ठ्यावर खाली बसला.

"तुझी टेप," तो म्हणाला.

"काढलीस तू!"

"तू समोर उभी होतीस. सांगता येत नव्हतं?"

"विचारता येत नव्हतं?"

आजूबाजूची माणसं पुस्तकांची शिलाई थांबवून आमच्याकडे बघायला लागली. मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "पाच मीटर ना? मग काय एवढं? मोजणीवाल्याला बोलण्यात गुंतवायचं, चालता चालता चाक उचललं जातं." मी फोन ठेवून दिला. त्याला शिव्या द्यायलाही माझ्यात जोर उरला नव्हता. आता घर आमचं, कर्ज आमचं, आणि शाळा दुसऱ्यांची. त्या बाजूची दुसरी शाळा दोन बस बदलून. चिंगीला मी रोज सांगत होते, "नव्या शाळेत बाई तुला नावानं हाक मारतील." मी शब्द देऊन बसले होते.

संध्याकाळी पाच वाजता मी चिंगीला भावाच्या दुकानातून घेतलं आणि थेट काकांच्या घरी गेले. नवऱ्यालाही तिथेच बोलावलं. उद्या कळणारच होतं, तर आज माझ्या तोंडून कळलेलं बरं. आणि खरं सांगायचं तर मला माझ्याच तोंडाची किळस आली होती.

काकांनी दार उघडलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "ही कोण?"

"माझी मुलगी," मी म्हणाले. "काका, मी खोटं बोलले. ही माझी मुलगी आहे. बागेजवळच्या शाळेत हिचा अर्ज दिलाय. तुम्ही भाव वाढवाल म्हणून सांगितलं नाही."

काकांचा चेहरा लाल झाला. "तीनदा विचारलं मी! तीनदा! कशासाठी विचारत होतो, माहितीये? हे घर हजाराच्या बाहेर आहे. एक हजार पाच! अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. म्हणून तर स्वस्त आहे. पोरांना घेऊन येणाऱ्या लोकांना मी दारातूनच परत पाठवत होतो, फसू नयेत म्हणून. आणि तुम्ही... अहो, मला विचारलं असतं तर चहा पिता पिता सांगितलं असतं!"

मला रडू फुटलं. उभ्या उभ्या, दारातच. आम्ही पहाटे उठून, तोंड लपवून, दोरी ओढत जे मोजलं होतं, ते हा माणूस सहज सांगणार होता. फक्त आम्ही खरं बोलायला हवं होतं. नवरा धावत गल्लीत शिरला तेव्हा मी उंबऱ्यावर बसून डोळे पुसत होते आणि चिंगी माझ्या डोक्यावर हात फिरवत होती.

मग तिने मान वर करून काकांना विचारलं, "तुम्हाला कसं माहीत एक हजार पाच?"

"कारण माझ्या मुलीच्या वेळीही त्यांनी मोजलं होतं," काका म्हणाले. राग ओसरला होता, आवाज बसला होता. "तीस वर्षं झाली. पाच मीटरसाठी नाही म्हणाले. दोन बस बदलून जायची ती, पार तिकडच्या शाळेत. मी सकाळी बस काढायचो, लोकांची पोरं याच शाळेच्या फाटकातून आत जाताना बघायचो. आणि माझी पोर वेगळ्या बसमध्ये उभी."

"बसायला जागा नव्हती?" चिंगीने विचारलं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग मागे वळून आतल्या खोलीकडे बघितलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "ते कपाट हलवायला माणसं मिळतील का?"

मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भावाचा उपयोग झाला. तो दुकानातले दोन हमाल आणि पट्टे घेऊन अर्ध्या तासात आला. येताना तोंडाला कुलूप लावूनच आला होता, माझा चेहरा बघून. काका तोवर एका खुर्चीत बसून सांगत होते. नकार मिळाल्यावर त्यांना कुणीतरी म्हणालं, पुढचं दार गल्लीत आहे, कोपरा फिरून यावं लागतं, त्यातच ते पाच मीटर जातात. बाजूच्या बोळात दार काढलं तर घर आत येईल. काकांनी महापालिकेत परवानगीचा अर्ज केला, उधारीवर गवंडी बघून ठेवला. परवानगी आली दोन महिन्यांनी. दार झालं. तोवर यादी लागून वर्ग भरले होते, आणि पहिलीनंतर ती शाळा कुणाला घेत नाही. "बायको म्हणाली, हे झाका, मला बघवत नाही. झाकलं. ती गेली तरी मी काही हे उघडलं नाही. दाराचं सांगितलं असतं तर घराला दीडपट पैसे मिळाले असते, हे काय मला कळत नाही? पण त्या दाराचे पैसे घ्यायला जीव धजेना."

कपाट सरकलं. मागे हिरवं दार होतं, तीस वर्षांच्या धुळीखाली रंग जसाच्या तसा. किल्ली काकांच्या जुडग्यात होती. कुलूप मात्र हलेना. तेल घातलं, ठोकलं, पुन्हा तेल घातलं. शेवटी भावाने खांदा लावला आणि दार कुरकुरत बोळात उघडलं. चिंगी वाकून बघायला लागली. मी तिला मागे ओढलं, का ते मलाही कळलं नाही. अजून भीती वाटत होती.

गुरुवारी मी सकाळपासून चार वेळा तो बोळ झाडला. मोजणीवाले साहेब बरोबर अकराला आले. उंच, वाळके, हातात चाक लावलेली काठी. चाक टकटक करत पुढच्या दाराशी थांबलं. त्यांनी आकडा वाचला. "एक हजार पाच." कागदावर लिहायला पेन टेकवलं.

"साहेब, आणखी एक दार आहे," मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं.

"असं का? काल उगवलं का?" ते म्हणाले. गमतीने नाही. असले प्रकार त्यांनी पुष्कळ पाहिले असणार. आत येऊन त्यांनी आधी दार पाहिलं, मग फरशीवर कपाट ओढल्याचे ताजे ओरखडे पाहिले. काकांनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून पिवळा पडलेला कागद काढला. शिक्का, तारीख, नकाशा, त्यावर दार. साहेबांनी तो उजेडात धरून दोनदा वाचला. मग काठी उचलली.

"पुन्हा शाळेपासून मोजावं लागेल," ते म्हणाले आणि निघून गेले.

तो पाऊण तास मी विसरणार नाही. नवरा खिडकी उघडायचा प्रयत्न करत राहिला, ती उघडत नव्हती. काका खुर्चीत बसून गुडघे चोळत होते. बोळात दगड आहे, वळण आहे, कागदावरचा नकाशा एक आणि जमीन एक, हजारच निघाले तर? हजारला एक कमी लागतो की हजार चालतो? कुणालाच माहीत नव्हतं. मग बोळाच्या तोंडाशी टकटक ऐकू आली. जवळ आली. हिरव्या दाराच्या उंबऱ्याला चाक टेकलं.

"नऊशे अठ्ठ्याण्णव."

मी नवऱ्याचा हात धरला. पण साहेबांचं संपलं नव्हतं. "दार वापरात असायला हवं," ते काकांना म्हणाले. "या दारातून मुलं येत-जात होती का?"

काकांनी हो म्हणावं म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले. एक शब्द. माझ्यासारखीला किती सोपा गेला असता.

"एकही नाही," काका म्हणाले. "ज्या मुलीसाठी काढलं, तिला उशीर झाला."

साहेबांचं पेन हवेत. तेवढ्यात चिंगी माझा हात सोडून पुढे झाली, उंबरा ओलांडून बोळात उतरली, पाच-सहा पावलं शाळेच्या दिशेने गेली, वळली आणि परत आत आली. "आता झालं ना?" ती साहेबांना म्हणाली.

साहेबांनी खाली मान घालून लिहिलं. "वापरात आहे," ते मोठ्याने म्हणाले. मग पुढचा रकाना. "अर्जदारांना मुलं किती?"

चिंगीने माझी ओढणी ओढली आणि कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आई, आता सांगायचं का मी आहे ते?"

तिला सगळं माहीत होतं. भावाच्या दुकानातल्या पलंगावर उड्या मारताना तिने सगळं ऐकलं होतं, आणि इतके दिवस ती नसल्यासारखी गप्प राहिली होती. मी खाली बसून तिला घट्ट धरलं. "एक," मी साहेबांना म्हणाले. या वेळी त्यांना स्पष्ट ऐकू गेलं. "ही. ही आमची मुलगी."

साहेब गेल्यावर नवऱ्याने चहा टाकला. काका अजून हिरव्या दाराशीच उभे होते, चौकटीवरून बोट फिरवत. मग त्यांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. "पोरी, माझ्या लेकीला लावून दे. मला अक्षरं दिसत नाहीयेत."

मी नंबर लावून फोन त्यांच्या कानाला लावला. पलीकडून कुणीतरी हॅलो म्हणालं.

"अगं, मी बोलतोय," काका म्हणाले. "दार उघडलं. ...हो. तेच. तुझंच."